पहिली अकरा मिनिटं

न्हाव्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न साडेबाराला आणि नवरदेव बाराला दाढी करायला दुकानात हजर. खरं तर न्हाव्याने आज दुकान बंद ठेवलं होतं. पण होणाऱ्या मेव्हण्याच्या गालावर परक्याचा वस्तरा फिरावा, हे त्याला पटेना. लग्न म्हणजे नोंदणी कार्यालयात चार सह्या, विषय संपला. फक्त कार्यालय एकला बंद होणार होतं. आणि नवरदेव बोटीवर नोकरीला. उद्या सकाळी बोट सुटली की माणूस आठ महिने गायब.

न्हाव्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि सवयीनं भिंतीवरचा टीव्ही लावला.

दुकानात सिनेमा एकच. भुताचा. घाबरलेलं गिऱ्हाईक मान हलवत नाही, हा न्हाव्याचा अनुभव. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सिनेमा पहिल्यापासून लावायचा. आलेल्या माणसाला मधूनच सिनेमा दाखवणं म्हणजे त्याच्या मते उष्टं वाढण्यासारखंच होतं.

सुरुवात होतीही जबरदस्त. भर दुपार, एकटी बाई इस्त्री करतेय. फोन वाजतो. पलीकडून कुणी बोलत नाही, नुसता इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज येतो. बाई हातातल्या इस्त्रीकडे बघते. ती बंद असते. मग अडगळीच्या खोलीच्या दाराची मूठ हळूहळू फिरायला लागते. इथं अकरा मिनिटं होतात.

दाढीलाही अकराच मिनिटं लागायची. न्हाव्याचा हात सिनेमाला बांधलेला होता. इस्त्री चालू तोवर उजवा गाल, फोनपर्यंत डावा, फोन वाजायच्या दोन सेकंद आधी वस्तरा वर, मग हनुवटी, आणि मूठ फिरायला लागली की गळा. तेवढ्यात गिऱ्हाईक उठायचं, दुसरं बसायचं, सिनेमा परत पहिल्यापासून. चार वर्षांत दाराआड काय आहे ते त्याने पाहिलंच नव्हतं. दुकान बंद करून एकट्याने बघावं, एवढी त्याची छाती नव्हती.

नवरदेवाचा गळा झाला. मूठ फिरली. न्हाव्याने टॉवेल पुढे केला तो त्याने बाजूला सारला.

"दादा, आत कोण आहे?"

"काय माहीत."

"म्हणजे? सिनेमा तुमचाच ना?"

"आजवर एवढा वेळ कुणी बसलंच नाही हो, जावईबापू."

नवरदेव म्हणाला, दोनच मिनिटं, दार उघडलं की निघू. न्हाव्यालाही ते पटलं. तेवढ्यात दुकानाचं दार उघडलं आणि नवरदेवाचे वडील आत आले. मुलाला हाताला धरून न्यायला आले होते, तोंडात शिव्या तयार होत्या. पण न्हाव्याचा अंगठा त्याच्याही नकळत रिमोटच्या बटणावर गेला होता.

"या, या. आत्ताच सुरू झालाय."

पडद्यावर बाई इस्त्री करायला लागली आणि न्हाव्याच्या हाताने ब्रश उचलला. इस्त्री म्हणजे उजवा गाल, हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. दाढी झालीय असं नवरदेव सांगेपर्यंत अर्धा गाल फेसात बुडाला होता, आणि अर्ध्या फेसाने उठणं त्यालाही बरं वाटेना. वडील बाकड्यावर टेकले. फोन वाजला तेव्हा शिव्या गिळल्या गेल्या होत्या.

मूठ फिरायला लागली आणि नवरदेवाचा मामा आला. मामा साक्षीदार होता, शिवाय गाडीही त्याचीच. या दोघांना आणायला म्हणून तो निघाला होता. न्हाव्याचा अंगठा पुन्हा गेला. वडील कळवळून नको नको म्हणत होते, पण मामालाच पहिल्यापासून बघायचं होतं. तिसऱ्यांदा उजवा गाल झाला, तेव्हा नवरदेवाचं तोंड टोमॅटोसारखं झालं होतं.

बारा चाळीसला खुद्द नवरी दारात उभी राहिली. कार्यालयाच्या पायरीवर अर्धा तास एकटी उभी होती ती. तिने बाकड्यावर श्वास रोखून बसलेले दोघे बघितले, खुर्चीतला नवरा बघितला, आणि भावाचा अंगठा हलताना बघितला.

"दादा, हात खाली."

तिने रिमोट काढून घेतला. "किती राहिलंय?"

"मूठ फिरतेय," मामा कुजबुजला.

"मग फिरू दे. मीपण बघते, कशासाठी थांबले होते मी."

दार उघडलं. आत मांजर होतं. बाईने त्याला दूध दिलं आणि पुन्हा इस्त्रीला लागली.

वडिलांनी एकदा न्हाव्याकडे असं पाहिलं, जणू मांजर त्यानेच आत कोंडलं होतं. मग सगळे गाडीकडे पळाले.

कार्यालयात पोचले तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. साहेब रजिस्टर कपाटात ठेवत होते. म्हणाले, अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होत नाही, सोमवारी या. नवरदेवाने बोटीचं सांगितलं, वडिलांनी हात जोडले. साहेब ढिम्म. मग त्यांची नजर मागे उभ्या न्हाव्यावर गेली. खांद्यावर टॉवेल तसाच होता.

"अहो, तुमच्याकडे मी गेल्या महिन्यात दाढी केली होती." साहेबांचा आवाज खाली आला. तेव्हापासून घरातल्या अडगळीच्या खोलीत ते पाऊल टाकत नव्हते, बायको येताजाता हसत होती. "दाराआड कोण होतं हो?"

न्हाव्याने तोंड उघडलं. नवरीने त्याच्या पायावर टाच दिली.

"साहेब, ते असं घाईत सांगता येत नाही," न्हावी म्हणाला. "एवढं उरकू द्या, मग बसून सांगतो."

रजिस्टर बाहेर आलं. एक वीसला शेवटची सही झाली आणि सगळं वऱ्हाड चोरपावलांनी बाहेर सटकलं. न्हावी एकटा उरला. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली.

मांजर अगदी न्हाव्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने साहेबांचा चेहरा पाहिला. चार वर्षं त्याचाही चेहरा असाच होता, आज सकाळपर्यंत.

"साहेब, घरात लहान मुलं आहेत ना?"

"दोन आहेत."

"मग नका विचारू."

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "वाटलंच होतं मला," ते समाधानाने म्हणाले, आणि उठून कपाटाचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.