शून्य डेसिबलचे कासिमाली

बत्तीस मधपेट्या, एक घोडी, दोन हात आणि दोन कान. मे महिन्याच्या सुरुवातीला म्हाताऱ्या कासिमालींकडे एवढं होतं. पैकी घोडी धडधाकट होती.

पहिला थवा उडून गेल्यावर दुसरा उडण्याआधी नवी राणीमाशी पेटीत बारीक पिपाणी वाजवते. चाळीस वर्षं कासिमाली संध्याकाळी पेटीला कान लावून ती ऐकत आणि वेळेत जादा राण्या काढून टाकत. गेल्या वर्षी त्यांना काहीच ऐकू आलं नाही, आणि अकरा पेट्यांतला दुसरा थवाही डोंगरापलीकडे गेला. त्यातच उजवा हात थरथरू लागला होता. म्हणून त्यांची मुलगी बुरुल त्यांना सरकारी श्रवणयंत्रासाठी खोऱ्यातल्या दवाखान्यात घेऊन आली.

कानाच्या डॉक्टर दामिरा एसेनोव्हना यांनी कासिमालींना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि उजव्या हातात बटण दिलं. शिटी ऐकू आली की दाबायचं. यंत्राने दहा मिनिटांत वीस शिट्या वाजवल्या. कासिमालींचा हात सेकंदाला पाच वेळा हलत होता. बटण दोन हजार नऊशे शहाऐंशी वेळा दाबलं गेलं.

"वीसच्या वीस!" दामिरा एसेनोव्हना कागद फाडत म्हणाल्या. "उरलेल्या दोन हजार नऊशे सहासष्ट 'अतिरिक्त संवेदनशीलता' या रकान्यात टाकल्यात. अभिनंदन!"

"डॉक्टरबाई, हात हलतोय त्यांचा! घराला आग लागली म्हणून मी ओरडले तरी वळून बघायचे नाहीत ते."

"कान माझ्याकडे. हात वरच्या मजल्यावर."

"काय म्हणतेय ती?" कासिमालींनी विचारलं.

"तुमचे कान उत्तम आहेत म्हणे, बाबा!"

"मोठ्याने बोल गं. तोंडात तळलेला बोर्सोक-पाव कोंबल्यासारखं काय बोलतेस?"

वरच्या मजल्यावर मज्जातंतूंचे डॉक्टर ताशतान यांच्या दारावर नवं परिपत्रक चिकटवलेलं होतं : श्रवणदोष आणि कंपवात यांचा संबंध संशोधनात दिसून आला आहे. सबब कंपवाताच्या तपासणीच्या अर्जासोबत श्रवणदोषाचा दाखला जोडावा.

"कान इतके चांगले? मग कंपवात कसा असेल?" ताशतान म्हणाले.

"समोर हात हलतोय, बघा ना."

"बघतोय. दाखल्याशिवाय बघितलं असं धरता येत नाही."

"बरं, कंपवाताचा दाखला मिळाला, तर खाली बटणाशिवाय तपासतील?"

"तपासावंच लागेल. नियमच आहे. आधी कानाचा दाखला आणा."

तरीही माणुसकी म्हणून त्यांनी कासिमालींना तीनदा हात वर करायला सांगितलं. कासिमाली खिडकीबाहेर पाहत राहिले. ताशताननी नोंद केली : उत्तम ऐकू येत असूनही सूचना पाळत नाही. स्वभाव उद्धट.

दोन हजार नऊशे शहाऐंशीचा तो आकडा राजधानीत पोचला. इतके तीक्ष्ण कान देशात दुसरे नव्हते. दवाखान्याचं यंत्र नऊ वर्षं प्रमाणित झालं नव्हतं, कारण प्रमाण धरावं असं काही हाताशी नव्हतं. आता होतं. निरीक्षक आले, त्यांनी यंत्राचं माप कासिमालींच्या आकड्यावर लावलं आणि पहिली चाचणी दामिरा एसेनोव्हनांची घेतली. त्यांनी वीस वेळा बटण दाबलं.

"दोन हजार नऊशे सहासष्ट चुकले," निरीक्षक म्हणाले.

"पण तेव्हा काही वाजलंच नव्हतं!"

"कासिमालींना वाजलं होतं."

या मापाने सगळेच बहिरे ठरले, आणि सरकारकडून आलेली चाळीस श्रवणयंत्रं आठवड्यात संपली. एक दामिरा एसेनोव्हनांना, एक ताशतानना, दोन निरीक्षकांना. ताशतानजवळ आता श्रवणदोषाचा दाखला असल्यामुळे ते कंपवाताच्या तपासणीस पात्र ठरले आणि रजेवर गेले.

"एक तरी ठेवायचं होतंत," बुरुल म्हणाली.

"मोठ्याने बोल, पोरी. हे घातल्यापासून नुसती खरखर ऐकू येते." दामिरा एसेनोव्हनांनी कानातलं यंत्र चाचपलं. "आणि तुझ्या बाबांना कसं देणार? त्यांच्या कानाला यंत्र लावलं, तर देशाचं माप बिघडेल."

त्या संध्याकाळी कासिमाली सातव्या पेटीला कान लावून बसले. थरथरणारा हात झाकणावर होता. बुरुलने दुसऱ्या बाजूने कान टेकला. आत सगळंच गुणगुणत होतं. त्यात राणी कुठली, हे तिला कळेना.

"बाबा, वाजतेय का?"

"अजून नाही," कासिमाली म्हणाले. "वाजली की सांगतो."

दोन दिवसांनी सातव्या पेटीतला दुसरा थवाही गेला. जूनअखेर एकूण एकोणीस पेट्यांतला गेला.

दवाखान्याच्या दारावर आता नवा तक्ता आहे : शांत जागी बसून हा मजकूर वाचताना ज्याला एकही शिटी ऐकू आली नाही, त्याचा श्रवणदोष : एकसष्ट डेसिबल (तीव्र). कासिमाली : शून्य.