चार वेळा दारावरून

ट्रायथलॉनचा रस्ता सासुरवाडीच्या दारावरून जातो, हे प्रफुल्ल खैरनारनं स्वतःहून सासूबाईंना फोन करून सांगितलं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्या एका फोनमध्ये होतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. प्रफुल्लनं आधी चांगला जड धोंडा शोधला आणि मग पाय नेमका त्याच्याखाली नेऊन ठेवला.

प्रफुल्ल नाशिकला सरकारी कचेरीत कारकून होता, वय चव्वेचाळीस. अकरा महिने तो पहाटे उठून तयारी करत होता आणि दिवसभर ऑफिसात त्याबद्दल बोलत होता. धरणात साडेसातशे मीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर धावायचं. हे आकडे आता शिपायालाही पाठ झाले होते. पुरं केलं की मेडल. ते आणलं नाही तर त्या ऑफिसात निवृत्तीपर्यंत कसं बसायचं, हा प्रश्न होता.

भीती होती ती जीपची. सगळ्यांच्या मागून पंचांची एक जीप यायची. ती ज्याला गाठेल त्याच्या छातीवरचा नंबर काढून घ्यायची आणि त्याची सायकल उचलून आत टाकायची. जीप शेवटच्या रेषेवर पोचली की वेळ संपली. त्या जीपमधून परत येण्यापेक्षा धरणातच राहिलेलं बरं, असं प्रफुल्लचं स्वच्छ मत होतं.

"दोनदा येणार, दोनदा जाणार. चार वेळा दर्शन होईल बघा," असं त्यानं सासूबाईंना ऐटीत सांगितलं. फोन ठेवला तेव्हा मेथी निवडत बसलेली बायको अंजली त्याच्याकडे बघत राहिली.

"आई तुम्हाला तशीच जाऊ देणारे का? दिवाळसणाला काय केलं होतंत, विसरलात?"

तो विसरला होता, पण सासुरवाडी विसरली नव्हती. चौदा वर्षांपूर्वी, पहिल्या दिवाळीला, चहाचा कप आधी थोरल्या जावयाच्या हातात गेला म्हणून प्रफुल्ल रुसून ओट्यावरून उठला आणि चहा न घेता थेट स्टँडवर गेला. त्या गावात, पिंपळखोऱ्यात, ती गोष्ट अजून लग्नकार्यात सांगतात. तेव्हापासून हा जावई आपल्या दारावरून बिनचहाचा जाणार नाही, असं सासूबाई भिमाबाईंनी मनाशी धरलं होतं आणि चौदा वर्षं ते पाळलं होतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी प्रफुल्ल पाण्यातून शेवटून दुसरा बाहेर आला, पण आला. दात वाजत होते, तरी सायकलवर बसल्यावर त्याचा जीव जरा थाऱ्यावर आला. पिंपळखोऱ्याच्या वळणावर मात्र त्याला रस्त्याच्या कडेला रांगोळी दिसली. रांगोळीत पाट होता. पाटामागे तबक घेऊन भिमाबाई उभ्या होत्या, आणि सासरे कारभारी यांनी पुढे होऊन सायकलचं हँडल धरलंसुद्धा.

"मामी, शर्यत चालू आहे," प्रफुल्ल काकुळतीला येऊन म्हणाला.

"चालू ऱ्हाऊ द्या की, जावईबापू. आम्ही काय ती बंद पाडून ऱ्हायलो का? ते डोक्यावरलं काढा आधी. टोपल्याला ओवाळू का कपाळाला?"

हेल्मेट काढणं, कुंकू, अक्षता, हेल्मेट घालणं, यात चार मिनिटं गेली. तेवढ्यात पाण्यातून त्याच्या मागून निघालेले एक साठीचे गृहस्थ घंटी वाजवत पुढे गेले. चहा चुलीवर ठेवलाय, येताना घ्या, असं भिमाबाईंनी बजावलं.

येताना चहा नव्हता. येताना सत्कार होता. मानाच्या पाहुण्याला टोपी-उपरणं दिल्याशिवाय चहा कसा पाजायचा, असा कारभारींचा सवाल होता. गावातली दहाबारा माणसं जमली होती, आणि एकानं फोटोसाठी सगळं दोनदा करायला लावलं. टोपी हेल्मेटवर बसेना म्हणून कारभारींनी ती दाबून बसवली. नारळ कुठं ठेवायचा हा प्रश्न आला, तेव्हा तो प्रफुल्लच्या जर्सीच्या मागच्या खिशात कोंबण्यात आला. उपरणं चाकात जाऊ नये म्हणून त्यानं ते पोटाला बांधलं आणि त्या अवतारात पुढची फेरी सुरू केली. रस्त्यावरचे स्वयंसेवक त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. प्रफुल्लला मात्र रडू येत होतं.

तिसऱ्या वेळी नाश्ता होता. उपाशीपोटी चहा देणं भिमाबाईंच्या घराण्यात बसत नव्हतं. शिऱ्याची ताटली आणि कांद्याची भजी घेऊन त्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मामी, पाया पडतो, असं प्रफुल्ल म्हणाला, तर पडा पण खाऊन पडा, असं उत्तर आलं. त्यानं एका पायावर उभं राहून शिरा गिळला. तो गिळताना रस्त्याच्या टोकाला धूळ दिसली. धुळीत जीप होती.

सायकलला असं त्यानं अकरा महिन्यांत कधी हाणलं नव्हतं. वळसा घालून तो चौथ्यांदा पिंपळखोऱ्याकडे आला, तेव्हा जीप जेमतेम दोनशे मीटर मागे होती. भिमाबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. हातात कपबशी होती, आणि कपातून वाफ येत होती. अखेर चहा झाला होता.

प्रफुल्लनं मान खाली घातली आणि त्यांच्या बाजूनं सायकल काढली.

"जावईबापू," एवढंच मागून ऐकू आलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. चौदा वर्षांचं सगळं आपण एका पायडलात मातीत घातलं, असं त्याला वाटलं. शिवाय मेडलही जाणार होतंच. तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणंसुद्धा नाही, नारळ तेवढा होता.

सायकल ठेवून तो धावायला लागला. प्रत्येक पावलाला नारळ पाठीत बसत होता. तो सारखा मागं वळून बघत होता, पण जीप येईना. एक किलोमीटर झाला, दोन झाले. चौथ्याला तो सरळ चालायला लागला, तरी जीप नाही. शेवटच्या रेषेवर तो पोचला तेव्हा मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता. नोंदीच्या टेबलावरच्या सायली नावाच्या मुलीनं त्याच्या गळ्यात मेडल घातलं.

"ताई, वेळ संपली असेल ना?" प्रफुल्लनं प्रामाणिकपणे विचारलं.

"जीप आल्याशिवाय संपत नाही, सर. आणि शेखर सरांचा फोनच लागत नाहीये."

अर्ध्या तासानं जीप आली. पंच शेखर सर खाली उतरले. त्यांच्या कपाळाला कुंकू होतं, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं आणि हातात नारळ. ड्रायव्हर भज्यांचं तेल पॅंटला पुसत होता.

झालं होतं असं, की भिमाबाईंनी जीपच हात करून थांबवली होती. जावयाच्या मागोमाग येणारी गाडी म्हणजे जावयाचीच माणसं, हा त्यांचा सरळ हिशेब होता. जावई तसाच गेला, निदान त्याची माणसं तरी तशी जाता कामा नयेत. शेखर सरांनी नियमांची वही काढून दाखवली, तेव्हा कारभारींनी वही आणि गाडीची चावी दोन्ही घेऊन कोनाड्यात ठेवली. मग ओवाळणं झालं, सत्कार झाला, नाश्ता झाला, आणि सगळ्यात शेवटी चहा.

प्रफुल्लनं मेडल मुठीत घट्ट धरलं. "सर, हे परत द्यावं लागेल का?"

शेखर सरांनी मेडलकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या नारळाकडे पाहिलं.

"नियम म्हणजे नियम. जीप आत्ता आली," ते म्हणाले. मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "पण तुम्ही बरं नाही केलंत, खैरनार. तो कप त्यांनी कुणाला दिला नाही. झाकून ठेवलाय."

प्रफुल्लला भरून आलं आणि लाजही वाटली. जिला सकाळपासून तो मनात शिव्या घालत होता, त्या बाईनं त्याला मेडल मिळवून दिलं होतं आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. तो काही बोलायच्या आत शेखर सरांनी त्याची सायकल उचलली आणि जीपमध्ये टाकली.

"चला. तुम्हाला घेऊनच या, असं बजावलंय त्यांनी."

ज्या जीपमध्ये बसायचं नाही म्हणून त्यानं जिवाचं रान केलं होतं, तिच्यात प्रफुल्ल मेडल घालून निमूट बसला. सकाळपासून त्याला पहिल्यांदाच चहाची खरोखर तलफ आली होती. पिंपळखोऱ्याच्या वळणावर भिमाबाई उभ्या होत्या. त्यांनी मेडल पाहिलं, हातानं उलटसुलट करून पाहिलं, आणि तबक आणायला आत वळल्या. एवढं मिळवून आणलं म्हटल्यावर आधी ओवाळणं आलं, चहा मागाहून.