मेणात अडकलेले हात

पाहुणे संध्याकाळी यायचे होते, आणि रामलिंगअप्पा सकाळीच दुधाच्या पातेल्यात मेणबत्त्या वितळवत बसले होते.

"आवं, दुधाचं पातेलं हाय ते," सिंधुबाई म्हणाल्या.

"मंग काय झालं? मेण काय इष हाय का? तू फकस्त हात तयार ठेव."

हात तयारच होते, कामाचे नव्हते एवढंच. सिंधुबाईंच्या बोटांची पेरं सुजून आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे. दुधाची पिशवी दातांनी फाडावी लागे आणि साडीच्या निऱ्या घालताना डोळ्यांत पाणी येई. लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि शेजारच्या खोलीत पाठवून कोमट मेणात हात बुडवायला लावले. त्या मेणाने असा आराम पडला, की सिंधुबाई स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागल्या.

पण रोज निलंग्याहून लातूरला कोण जाणार? रामलिंगअप्पा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले होते. तेव्हापासून त्यांच्याजवळ मोबाईल होता, आणि जगातली कुठलीही गोष्ट घरी करता येते असं ठाम मत होतं. "त्या मशीनमध्ये काय हाय?" ते म्हणाले होते. "मेणच की!"

हा प्रयोग आजच करायला कारण होतं. पाहुणे वर्षाराणीला बघायला येणार होते, किल्लारीजवळच्या एका गावाहून. मुलाकडच्यांना मुलीच्या हातची ज्वारीची भाकरी खायची आहे, असा मध्यस्थाचा निरोप होता. वर्षाराणी दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. कितीही घाबरट पेशंट असो, तिला शीर पहिल्या फटक्यात सापडायची. भाकरी मात्र तिच्या हातून परातीतून तव्यापर्यंत कधी एका तुकड्यात पोचली नव्हती.

"सांगून टाकू की येत न्हाई म्हणून," वर्षाराणी म्हणाली होती.

"सांग, अन् बस घरी," असं म्हणून सिंधुबाईंनीच बेत रचला. भाकऱ्या आधीच आपण थापून टोपलीत झाकून ठेवायच्या. पाहुणे आले, की वर्षाराणीने चेहऱ्याला जरा पीठ लावून तव्याजवळ उभं राहायचं. बेतात कुठे खोट नव्हती. त्याला फक्त चालणारी बोटं हवी होती.

वर्षाराणी सकाळी अर्ध्या दिवसाच्या ड्युटीवर गेली आणि अप्पांनी प्रयोग सुरू केला. दिवाळीत उरलेल्या लाल मेणबत्त्या होत्या, त्या वितळल्या. मेण जरा निवल्यावर त्यांनी सिंधुबाईंचे दोन्ही हात पातेल्यात बुडवले. "बुडव. काढ. बुडव. काढ." थरावर थर चढत गेला. बोटांना ऊब लागली, ठणका थांबला, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदाच सिंधुबाईंना नवऱ्याचं कौतुक वाटलं.

"बरं वाटलालंय वो," त्या म्हणाल्या.

"मंग! आता सोलून काढू."

पण ते सोलेना. लातूरला हातमोजा काढावा तसं मेण अलगद निघालं होतं. इथे अप्पांनी कड ओढली, तशी मनगटावरची लव मुळासकट यायला लागली आणि सिंधुबाई किंचाळल्या. लातूरच्या मेणात तेल असतं, ही गोष्ट मोबाईलने सांगितली होती, पण अप्पांनी व्हिडिओ तिथपर्यंत पाहिलाच नव्हता. बोटं एकमेकांना चिकटली होती. दोन लालभडक गोळे पुढे धरून सिंधुबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या, तेवढ्यात दारात गाडी थांबली.

गावातलं कुणीतरी जीप घेऊन निलंग्याच्या बाजाराला निघालं होतं, म्हणून पाहुणे त्याच जीपमध्ये बसून दुपारच्या आधीच येऊन टेकले होते. मुलाचे वडील मलप्पा, आई पार्वतम्मा आणि मुलगा सिद्धेश्वर. सिंधुबाईंनी झटकन दोन्ही हात पदराखाली घेतले.

"या, बसा," म्हणून झालं, पण पुढे सगळीच पंचाईत. पाणी अप्पांनी दिलं. चहा अप्पांनी ठेवला, तोही मेणाच्या पातेल्याशेजारी. हळदीकुंकू लावायची वेळ आली, तेव्हा सिंधुबाई म्हणाल्या, "वर्षा आली की लावंल." दोन्ही हात पदरात घेऊन बाई सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या, जराही हलत नव्हत्या. मलप्पांनी बायकोच्या कानात विचारलं, "हाताला कोड-बिड हाय काय गं?" ते कुजबुजणं चांगलं खोलीभर ऐकू गेलं.

आता काहीतरी बोलणं भाग होतं. अप्पा बोलले.

"मेंदी लावलीय तिनं."

"पोरगी बघायच्या दिवशी?" मलप्पांनी डोळे वटारले. "आईनं?"

"हौस हाय तिला."

"बघू तरी नक्षी," पार्वतम्मा म्हणाल्या आणि पुढे झुकल्या. सिंधुबाई मागे सरकल्या. सरकताना पदर सुटला आणि ते दोन लाल गोळे सगळ्यांसमोर आले. पार्वतम्मा "अग्गाई!" म्हणून ओरडल्या. नेमकी तेव्हाच वर्षाराणी दारातून आत आली.

मग लपवण्यासारखं उरलंच नाही. मेण, लातूर, संधिवात, सगळं बाहेर आलं. मलप्पा उठून उभे राहिले. "आईचं असलं पोरीत उतरतं म्हणत्यात. चला."

सिद्धेश्वर उठला. पार्वतम्मा मात्र उठल्या नाहीत. त्या त्या गोळ्यांकडे टक लावून बघत होत्या.

"ह्येनं दुखायचं थांबतं का वो?" त्यांनी हळूच विचारलं.

"मघा थांबलं होतं," सिंधुबाई म्हणाल्या.

पार्वतम्मांनी पदर बाजूला केला. घरात पाऊल टाकल्यापासून त्यांचेही हात पदरातच होते. आपल्याच घोरात सिंधुबाईंच्या ते लक्षात आलं नव्हतं. पार्वतम्मांची बोटं सिंधुबाईंच्या बोटांपेक्षा जास्त वाकडी होती.

"आगं, बाहेर सांगायचं न्हाई म्हणून ठरलं होतं ना!" मलप्पा कळवळले. "सासूचेच हात चालत न्हाईत म्हणल्यावर आपल्या घरात पोरगी कोण देईल?"

सिंधुबाई आणि पार्वतम्मा एकमेकींच्या हातांकडे बघत होत्या.

वर्षाराणीने पर्स ठेवली आणि सूत्रं हातात घेतली. कोमट पाणी आणि गोडंतेल लावून तिने आईचे हात हळूहळू मोकळे केले. दुसरं पातेलं गरम पाण्यावर ठेवलं, त्यात मेण वितळवलं, भरपूर तेल घातलं आणि निवलं की नाही ते आधी आपल्या मनगटावर बघितलं. मग दोघींचे हात बुडवून वर प्लास्टिकच्या पिशव्या आणि टॉवेल गुंडाळले. दोघी शेजारी शेजारी बसल्या, डोळे मिटून.

"आई गं," पार्वतम्मा पुटपुटल्या. "हे आधी का न्हाई कुणी सांगितलं?"

हे सगळं छान झालं, पण दुपार झाली होती आणि मलप्पांना भूक लागली होती. "भाकरीचं कसं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांचे डोळे वर्षाराणीकडे वळले.

"मला येत न्हाई," ती म्हणाली. "आई करून ठेवणार होती, मी नुसती तव्याजवळ उभी राहणार होते."

सिंधुबाईंनी पुन्हा डोळे मिटले, या वेळी आरामाने नव्हे. मलप्पा पुन्हा उठायच्या बेतात होते. तेवढ्यात, आल्यापासून एक शब्दही न बोललेल्या सिद्धेश्वरने शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"पीठ कुठंय?"

त्याने आधण ठेवलं, पीठ मळलं आणि थाप मारायला सुरुवात केली. सिंधुबाई मान उंच करून सोफ्यावरून बघत होत्या. भाकरी चंद्रासारखी गोल झाली, तव्यावर अलगद उतरली, आणि निखाऱ्यासारख्या लाल झालेल्या गॅसच्या जाळीवर टम्म फुगली.

"कवापासून करताव बाबा?" त्यांनी विचारलं.

"अव्वाची बोटं आखडली तवापासून," तो आईकडे मान करून म्हणाला. "म्हणून तर भाकरी येणारी बायको पाहिजे म्हणालो. आता मी थकलोय."

वर्षाराणीने भाकरी हातात घेतली. उलटून बघितली, कडा चाचपल्या, बोटाने टिचकी मारली. पाहुणे मुलगी जशी बघतात, अगदी तशीच. "मला मुलगा पसंत हाय," ती म्हणाली.

सिद्धेश्वरचे कान लाल झाले. "मलाबी," तो तव्याकडे बघत म्हणाला.

"एक अट हाय," सिंधुबाई ताठ बसल्या. "जावई हितंच ऱ्हाईल."

पार्वतम्मांना बोट उगारता येईना, म्हणून त्यांनी टॉवेलचं अख्खं गाठोडं उगारलं. "असं कसं? सून न्यायला आलाव, लेकरू देऊन जावं काय?"

"सून मिळलालीय की तुमाला!"

"तिला भाकरी येत न्हाई!"

"म्हणून तर तुमचा पोरगा मागलालेय!"

दोघींची गाठोडी एकमेकींना लागायचीच राहिली होती. इकडे मलप्पा आणि रामलिंगअप्पा ताटं घेऊन बसले होते आणि पिठल्याशी गरम भाकरी खात होते. हे भांडण आपलं नाही, असा त्यांचा समज होता.

"या दोघांची बोटं कशी हायत?" वर्षाराणीने सहज विचारलं.

दोघेही चावायचे थांबले. सिंधुबाईंनी पार्वतम्मांकडे पाहिलं, पार्वतम्मांनी सिंधुबाईंकडे. दोन्ही गाठोडी एकदमच खाली आली.

पुढच्या खेपेला लातूरच्या डॉक्टरांनी सिंधुबाईंची बोटं दाबून बघितली. "सूज बरीच कमी आहे. मेणाचा शेक रोज घेता का?"

"कधीमधी घेते," सिंधुबाई म्हणाल्या. "गोळ्या त्याच चालू हायत. भाकऱ्या तेवढ्या आता मी करत न्हाई."

शेजारी बसलेल्या रामलिंगअप्पांनी तव्याने भाजलेला अंगठा खिशात घातला.

लग्न ठरलंय, कार्यालयही बघून ठेवलंय. तारीख मात्र अजून निघालेली नाही. भाकरी जमल्याशिवाय मांडवात पाय ठेवायचा नाही, असं मलप्पांना सांगण्यात आलं आहे. पार्वतम्मांचा रोज संध्याकाळी फोन येतो, आणि सिंधुबाई पहिलं तेच विचारतात.

"आज कशी झाली वो?"

"परवा नुसता बिदरचा नकाशा झाल्ता," पार्वतम्मा सांगतात. "आज समदं कर्नाटक झालं. वाढलालीय, पण गोल होईना."