सतरा नंबरचा संदर्भ

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे डॉक्टर केळुसकर "आज फार उकडतंय" या वाक्याचाही उगम विचारतात.

"मूळ कुणाचं?"

"म्हणजे?"

"काल संध्याकाळी जिन्यात हे मी म्हणालो होतो. माझं नाव घ्यायला हवं होतंत."

हे डॉक्टर औषध देणारे नव्हेत. खालापूरकडच्या एका संशोधन केंद्रात ते भाताची जनुकं तपासतात. माझं कर्जत स्टेशनाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचा प्रत्येक पेपर माझ्याच मशिनातून बाहेर पडलाय. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण शाई माझी आहे, तेव्हा बोलायचा हक्क पोचतो.

त्यांच्या क्षेत्रात माणसाची पत कशी ठरते, हे त्यांनी मला कॉपी काढता काढता समजावलं. तुम्ही पेपर किती छापलेत, याला फारसं कुणी विचारत नाही. दुसऱ्यांनी आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा संदर्भ किती वेळा दिला, ते बघतात. त्याला म्हणायचं सायटेशन. इथवर ठीक होतं. पण ही पट्टी ते सगळ्या गावाला लावत सुटले ना! स्टेशनाबाहेरच्या वडेवाल्याबद्दल गंभीरपणे म्हणाले, "याचे वडे नेरळपर्यंत साइट होतात." मी हौसेनं माझ्या दुकानाचं विचारलं, तर म्हणे, "तुमचं स्वतःचं काहीच नाही हो. तुम्ही नुसत्या प्रती काढता." त्या दिवशी मी त्यांची पानं मुद्दाम फिकी काढली.

डॉक्टरांचे एकतीस पेपर आहेत. तीस पेपरांना लोक बरे संदर्भ देतात. उरलेल्या एकाला कुत्रं विचारत नाही. तो कळंबच्या भागीबाईंच्या भातावरचा. पंधरा दिवस पाण्यात बुडालं तरी कुजत नाही, असं ते भात. त्या पेपराला लेखक दोन: डॉक्टर आणि भागीबाई.

"बी तिनं राखलं, पाण्यात टिकतं हे तिनं सांगितलं. मी फक्त जनुक शोधलं. मूळ तिचं," डॉक्टर म्हणतात. भागीबाईंच्या नावापुढे 'संस्था' म्हणून त्यांनी लिहिलं, 'विहिरीच्या वरचं शेत, कळंब'. हे विद्यापीठ आहे का, असं छापणाऱ्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा डॉक्टरांनी "हो" कळवलं.

तर या पेपराचा संदर्भ डॉक्टर स्वतःच देतात, आपल्या प्रत्येक नव्या पेपरात. विषय जुळो न जुळो. मग माझ्याकडून रंगीत प्रत काढायची, भागीबाईंच्या नावाखाली लाल रेघ मारायची आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून कळंब गाठायचं. त्यांना चालवता येत नाही.

भागीबाई उंबऱ्यातूनच विचारतात, "आलं का रं माजं नाव?"

"आलं, मावशी! जगभर घेतायत!"

धडधडीत खोटं. मग तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. एरवी खिडकीपाशी उभ्यानं ब्रेड खाणारा हा माणूस तिथे मांडी घालून तीन भाकऱ्या उडवतो.

या खेपेला मात्र घोळ झाला. नवा पेपर यीस्टवर होता. छापण्याआधी पेपर तपासणाऱ्यानं लिहिलं, सतरा नंबरच्या, म्हणजे भागीबाईंच्या पेपराच्या, संदर्भाचा इथे काही संबंध नाही. तेवढा काढा, लगेच छापतो. निवृत्तीआधीची शेवटची बढती याच पेपरावर अडलेली. डॉक्टर तो कागद घेऊन माझ्या काउंटरशी तासभर उभे.

"मावशीला काय सांगू हो?"

"खरं सांगा," मी वैतागून म्हणालो. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

कळंबला गेलो. डॉक्टर पाय धुवायला विहिरीकडे वळले आणि भागीबाईंनी चुलीपुढून मला विचारलं, "आज ह्यो गप का रं?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सगळं सांगून टाकलं. त्यांनी भाकरी उलटली.

"मला म्हाईत हाय. दुसरं कोन माजं नाव घेत नाय. वाचता येत नाय मला, पन आकार कळतो. दर कागदावर वरची अक्षरं तीच. ह्याचीच."

"मग दर वेळी विचारता कशाला?"

"नाय इचारलं तर तो यायचा कशाला? एकटं हाय पोरगं. कागदाच्या निमतानं येतं, दोन घास खातं."

पोरगं सत्तावन्न वर्षांचं आहे.

त्या दिवशी भागीबाईंनी नाव आलं का, विचारलं नाही. परतताना स्कूटरवर मी भागीबाईंचं बोलणं शब्द न शब्द सांगितलं.

"मूळ कुणाचं?" ते सवयीनं म्हणाले.

"भागीमावशींचं."



दुसऱ्या दिवशी त्यांनी सतरा नंबर खोडला आणि पेपर पाठवून दिला. रविवारी दुकानात आले. मी मशीन चालू करायला गेलो, तर म्हणाले, "प्रत नको. कळंबला सोडता का?"

डॉक्टर उंबऱ्यापाशी मोकळ्या हातांनी उभे राहिले. हात कुठे ठेवावेत, ते त्यांना कळत नव्हतं.

"आलं का रं माजं नाव?"

"नाही आलं, मावशी. मी असाच आलो."

भागीबाई उंबऱ्यातून बाजूला सरल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "हात धू. भाकर निवंल."