घरचा ढेकूण, भातावरचा ढेकण्या

पाठीवर फवारणीचा पंप तसाच होता आणि दामूभाऊजी स्वतःच्या उंबऱ्यावर पालथे पडले होते. तोंडातून लाळ गळत होती. आत खिडक्या बंद, खाट औषधानं चिंब. मी त्यांना पाय धरून अंगणात ओढलं. डोकं पायरीवर आपटलं. इलाज नव्हता.

हे माझे धाकटे दीर. पोशीरला माझ्या शेजारच्या घरात एकटे राहतात. त्यांना एकच विषय येतो, ढेकूण. खाटेतला ढेकूण आणि भातावरचा ढेकण्या यांतला फरक त्यांनी मयताला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा ऐकवला आहे.

"दोगंबी सोंडेनंच पितात, वयनी. पन भातावरचा लांबडा, कोवळ्या दाण्यातलं दूध पितो नि उडून जातो. घरचा चपटा. त्याला पंख नाय. रगत पिल, पन घर सोडायचा नाय."

मग माणसांची वाटणी. त्यांचा मुलगा नोकरीसाठी खोपोलीला गेला, तो भातावरचा. मी घरची.

"मी कुनाचं रगत पिलं वो?"

"माज्या भावाचं."

खाट उन्हात टाका, उकळतं पाणी ओता, असं सांगून मी थकले. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे गं. रातीचं कुनी तरी उठवतंय मला."

मागच्या खेपेला मुलगा, सून, नात आली. सकाळी नातीची पाठ चट्ट्यांनी लाल. सून म्हणाली, ढेकूण आहेत तोवर पोरीला आणणार नाही. भाऊजी फुरंगटून म्हणाले, "ते तरी हायत माज्याजवळ." आता बसा त्यांनाच जेवू घालत, असं मी म्हटलं.

यंदा दिवाळीला पोरीला पाठवा म्हणून त्यांनी स्वतःच फोन केला. ढेकूण मारले, असं ठोकून दिलं. मग भातावरचं औषध पंपात भरलं, दारंखिडक्या लावून घेतल्या आणि खाटेवर मारलं. जन्मभर दोन ढेकणांतला फरक शिकवणाऱ्या माणसानं शेतातलं औषध घरात मारलं.

टेंपोत घालून कर्जतला नेलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "पोरीला त्या खोलीत नेऊ नको गं. तुज्याकडं झोपव."

"मेला असतात आता."

"मी ऱ्हाऊ दे. ढेकूण मेले का?"

नात आली, माझ्याकडं झोपली. भाऊजी रोज सकाळी येऊन तिची पाठ बघायचे आणि निघून जायचे.

ती गेल्यावर मी त्यांची खाट अंगणात काढली, फळी उचकटून पाहिली. भाऊजी वाचले होते. ढेकूणही.