अपेक्षेप्रमाणे रद्द

माणूस आधी जन्माला येतो आणि मग त्याच्याकडून अपेक्षा केल्या जातात. टेस्ट केस, म्हणजे अ‍ॅप तपासायची कसोटी, मात्र अपेक्षा होऊनच जन्माला येते. 'अमुक केले तर तमुक घडावे' एवढेच तिचे आयुष्य. घडले तर पास, न घडले तर फेल. (माणसांत फेल होणाऱ्याला रागावतात, इथे फेल दाखवणाऱ्याला.)

जळगावच्या एका कंपनीने केळीसाठी ट्रक मागवायचे अ‍ॅप केले. ते तपासणे अरिबाचे काम. ते वापरायला शिकवण्यासाठी ती भडगावला उखर्डूनानांच्या मळ्यात गेली, तेव्हा नानांनी 'ट्रक मागवा' हे बटण दाबले आणि लगेच पुन्हा दाबले.

"नाना, एकदाच दाबायचं."

"पहिलं सांगाले, दुसरं ध्यानमा ऱ्हावाले," नाना म्हणाले.

खानदेशात ही रीतच आहे. लग्नाची पत्रिका जाते, मग फोन जातो. नुसत्या पत्रिकेवर येणाऱ्याला लोक जरा हावरट समजतात. अडचण एवढीच, की दुसऱ्या दाबण्याने अ‍ॅप पहिला ट्रक रद्द करी आणि दोन्ही वेळा सारखेच 'धन्यवाद' म्हणे.

अरिबाने टेस्ट केस लिहिली : 'बटण दोनदा दाबले तरी एक ट्रक यावा.' फेल.

तिचे साहेब प्रेमराज सर थोर गृहस्थ. दोष कुठे आहे हे त्यांना चटकन दिसे, आणि तो अ‍ॅपमध्ये कधीच नसे.

"दोनदा दाबतंच कोण?"

"सगळेच, सर. आणि कापलेला माल उन्हात राहिला तर काळा पडतो."

"अगं, उद्या उद्घाटन आहे, मंडप घातलाय. अ‍ॅप कशाला बदलायचं? अपेक्षा बदल."

मग रीतसर बैठक, दुरुस्ती आणि मंजुरी झाली. नवी अपेक्षा : 'दोनदा दाबल्यास ट्रक येऊ नये.' तपासले. आला नाही. पास! सही करताना अरिबाला नानांचा बटण दाबणारा अंगठा दिसत राहिला, पण सही तिनेच करायची होती. (साहेब फक्त जबाबदार असतात.)

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी नानांचा फोन आला. "पोरी, बठ्ठा माल कापाई गया. ट्रक कोठे शे?"

सगळा माल कापून पडलाय, हे सांगायला अरिबा धावत साहेबांकडे गेली. साहेबांनी नोंद पाहिली. "अपेक्षेप्रमाणे रद्द झालाय."

"सर, दुसरा पाठवा ना. माल काळा पडेल."

"त्याची टेस्ट केस आहे का?"

नव्हती.

नानांना कंपनीचे उत्तर गेले, की हे सारे अटींमध्ये लिहिले होते आणि आपण 'मान्य' दाबले आहे. "मी ते वाचंच नही," नाना म्हणाले. केळी अखेर त्यांच्या गुरांनी खाल्ली. गुरांचा अभिप्राय उत्तम होता. तो अहवालाला जोडला.

नानांना हसणे सोपे आहे. वाचकाने आज सकाळपासून कशाकशाला 'मान्य' म्हटले, ते जरा आठवून पाहावे. आठवणार नाही, अशी कंपनीची अपेक्षा आहे. ही टेस्ट केस आजवर कधीही फेल झालेली नाही.