पाहुण्यांचं मीठ

माझी बायको सुनंदा मंगळवारी गेली. तेरावं झालं, नातेवाईक आपापल्या गावी परतले, आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला समोरच्या घरातले दामूकाका कालवणाची वाटी घेऊन दारात उभे राहिले.

"मीठ बगा, मास्तर."

काकांनी बोईसरच्या कारखान्यात जन्मभर क्रेन चालवली. लग्न केलं नाही. घिवली गावच्या घरातून आणला तो फक्त आईचा पाटा, आणि तो स्वतः तिसऱ्या मजल्यावर चढवला. मिक्सरचं नाव काढलं की म्हणत, "त्यात वाटण होत नाय, नुसतं घाबरतं." लसूण सालीसकट ठेचायची. बोंबलाच्या कालवणात डाव घालायचा नाही, भांडंच हलवायचं. का, तर "आयनं सांगितलंय."

डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं म्हणे. "माजं अळणी काडून ठेवलंय. हे पावण्यांचं हाय. चाखून सांगा."

त्यांच्याकडे पाहुणा आलेला मी कधी पाहिला नव्हता.

मला तेव्हा घास उतरत नसे. वाटी जिन्यातल्या मांजरीपुढे रिकामी करायचो, धुऊन परत द्यायचो आणि सांगायचो, "बरोबर आहे."

आठव्या दिवशी काका वाटी हातात धरून तसेच उभे राहिले.

"आज मीठ टाकलंच नवतं. मांजरीला इचारलंत वाटतं?"

दुसऱ्या दिवसापासून ते भातही आणू लागले आणि समोर बसू लागले. "नुसत्या रश्श्याचं मीठ कळत नाय, भातावर घ्या. आता बोंबलाचं बगा." मीठ बघता बघता माझं जेवण व्हायचं. मग ते घरी जायचे.

एकदा ते वाटी विसरले. मी मागोमाग गेलो. दार उघडं होतं. काका एकटे जेवत होते. ताटात तेच कालवण, लोणचं आणि कडेला मीठ. कालवण चाखून त्यांनी मिठाची चिमूट भातावर घातली. मला पाहिलं आणि हात थांबला.

"रविवारी चालतं," ते म्हणाले.

तो बुधवार होता.

मी नुकताच जेवलो होतो, तरी मांडणीवरचं ताट घेऊन समोर बसलो. काका पाट्याकडे बघत म्हणाले, "पावणा आला म्हणायचा."

सुनंदा नाही. दुपारी आम्ही दोघं जेवतो. मीठ मी वाढतो.